कपबशीचं बटण

कन्हेरी, ता. बारामती
११ जानेवारी

ती. सारजा आत्या,

तुझ्या नागेशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो.

हे पत्र तुला तुझी सून छकुली वाचून दाखवेल. छकुले, बाळ झोपलं की मगच वाच, घाई काही नाही. दिवाळीत बाळाच्या बारशाला यायचं राहून गेलं. तुझ्या माहेरी, शेळगावला, एवढं जवळ बारसं असून दीर आला नाही, असं चारचौघांत झालं असेल. सोनबा मला बोलला नाही, पण बोलला असता तर त्याचं बरोबरच होतं.

फोन का उचलत नाही म्हणून तू रागावली असशील. अगं, दूध प्लांटमध्ये यंत्रांचा एवढा गोंगाट असतो की खिशात वाजलेला कळतच नाही. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. आपल्या वस्तीवर दुधाचे कॅन न्यायला येतो त्या टेम्पोवरच्या गेणूकडे पत्र आणि पिशवी देतोय. पिशवीत तुझे डोळ्यांचे थेंब आहेत, तिळाचे लाडू आहेत, आणि एक गरम शाल. शाल राखाडी आहे. तुला रंग विचारायची सवय आहे म्हणून आधीच सांगतो.

थंडीमुळे दूध वाढलंय. सकाळपासून कॅनची रांग लागते आणि मी एकेकाचं फॅट आणि पाणी मिसळलंय का ते कळायला डिग्री बघत बसतो. परवा एकाचं दूध परत पाठवलं तर तो माझ्या अंगावर धावून आला. म्हणाला, "साहेब, तुमी काय स्वतःला देव समजता काय?" मी हसून सोडून दिलं.

नव्या सरपंचानं, रविराजनं, वस्तीवर दिवे बसवले असं गेणू सांगत होता. दाखल्यासाठी आता ग्रामपंचायतीत खेटे घालावे लागत नाहीत म्हणे. माणूस कामाचा निघाला. हे तरी बरं झालं.

जिल्हा परिषदेचं मतदान लागलंय. ग्रामपंचायतीच्या वेळी तुझ्यासोबत मी आलो होतो, या वेळी काही जमेलसं वाटत नाही. सुट्टीचे वांधे आहेत. सोनबा ट्रकच्या फेरीवरून आलेला असला तर त्याला ने. आणि नाहीच जमलं तर एखाद्या वेळी मत नाही दिलं म्हणून काही बिघडत नाही. तुझं वय झालंय, गर्दीत धक्के बसतात.

बेगमभाबी कशी आहे? सकाळी तुला नळावर हात धरून नेते ना अजून? खाजाभाईंचं दुकान कसं चाललंय? सहज विचारतोय. गेणू काहीबाही सांगत होता, त्याच्या बोलण्यात निम्मं इकडचं आणि निम्मं तिकडचं असतं.

आणि एक. त्या ग्रामपंचायतीला तू कुणाला मत दिलंस, हे कुणाशी बोलत बसू नकोस. मत गुप्त ठेवायचं असतं. कायदाच आहे तसा.

गुडघ्याला तेल लाव. थंडीत पहाटे बाहेर पडू नकोस.

तुझा भाचा,
नागेश

*

वस्तीवरनं
किंक्रांत

चिरंजीव नागेशला सारजा आत्याचा आशीर्वाद.

मी सांगतीय आन् छकुली लिवतीय. म्या तिला म्हणलंय, मी जशी बोलते तशीच लिव, शाळंतल्यावानी सुधरू नगंस.

पिशवी मिळाली. लाडू ग्वाड हायती. शाल राखाडी हाय म्हणतुस, मला तर हाताला ती आपल्या काळ्या मेंढीवानी लागली. थेंब ठिवून दिलं. डोळं गेलं ते गेलं, आता थेंब कुणासाठी घालू?

फोनचं कारण मला सांगू नगंस. यंत्र काय तू जेवताना बी कानाशी चालतं व्हय? तुझ्या मनात काय हाय ते तुझ्या आवाजात असतं आन् ते मला कळतं, म्हणून तू कागद लिवलास. सासरवाडीचं भांडाण हाय का? का नोकरीचं काय झालं? सांग. मी काय तुला खानार न्हाय.

तू बेगमचं इचारलंस म्हणून सांगते. तिचं नाव काडू नगंस.

झुंबर सरपंचकीला एका मतानं पडला, तुला ठावं हाय. एका मतानं! दहा-वीसानं पडला असता तर माणूस रडून गप बसतं. एका मतानं पडला की ते मत कुणाचं, ह्येचा भुंगा लागतो. वस्तीवरची सगळी मतं त्याच्या कपबशीला पडायची हुती, तसं सगळ्यांनी त्याला सांगितलं हुतं. मग एक कुठं गेलं? म्हणून बिरोबाच्या देवळात सगळी गोळा झाली आन् ठरलं की ज्यानं कपबशी दाबली त्यानं द्येवाम्होरं हळदीचा भंडारा उचलून सांगायचं. झुंबर नगं म्हणत हुता. त्येला कुणी ऐकलं न्हाय.

सगळ्यात आदी म्या उचलला. मूठभर भंडारा घिऊन म्हणलं, बिरोबा, ह्या सारजानं कपबशीलाच मत दिलं, खोटं असलं तर माझ्या घरादारावर बघ.  आंधळी बाई पुढं आली म्हणल्यावर मग बाकीच्यांनी बी उचलला.

बेगमनं न्हाय उचलला. कुणी म्हणलं, तुझा धरम येगळा, तू तुझ्या द्येवाची घे. ती म्हणली, "कुणाचीच घेत न्हाय. मत दिलं ते दिलं. सांगायचंच असतं तर पुठ्ठ्याच्या आड जाऊन कशाला दाबलं असतं?" मग काय राहिलं सांग. मतदानाच्या आदल्या सांजंला रविराजची गाडी तिच्या नवऱ्याच्या, खाजाच्या दुकानाम्होरं उभी हुती, हे बी लोकांनी बघितल्यालं. आता त्या दुकानावर वस्तीचं कुणी जात न्हाय. काडीपेटी आणायला बी पार निरवांगीला जात्याती.

म्या बी तिच्याशी बोलायचं सोडलं. ती सकाळच्याला आली, माझा हात धरला, म्या काडून घेतला. म्हणलं, ह्या हातानं दगा दिला, ह्यो हात नगं. ती उभी राहिली आन् गेली. आता नळावर माझी मी जाते काठीनं. परवा दगडाला ठेचकाळून पडले, गुडघा फुटला, त्येलाच छकुली तेल लावतीय.

किती वर्सं धरत हुती रं ती माझा हात. माणूस वळखत न्हाय म्हणायचं.

आता जिल्हा परिषदेला तूच ये. सोनबा गाडी घिऊन गुजरातला गेलाय, छकुलीच्या कडंवर लेकरू. दुसऱ्या कुणाला मी आत नेणार न्हाय. एवढं झाल्यावर आता तुझ्याबिगर कुणाचा इस्वास न्हाय. सुट्टीचं काय ते बघ. मत मी देणार. वय झालं तर मत कमी हुतं व्हय?

लेकरांना पापा.

तुझी आत्या
सारजा

*

कन्हेरी
२० जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. आज ख्यालीखुशाली लिहीत नाही.

छकुली, आधी तुझ्याशी बोलतो. इथून पुढे जे लिहिलंय ते आहे तसं वाच. मध्येच थांबावंसं वाटेल, एखादं वाक्य गाळावंसं वाटेल, आत्याला लागेल म्हणून एखादा शब्द मऊ करावासा वाटेल. तसं करू नकोस. तिला दिसत नाही म्हणून आपण आपल्या मनाचं तिच्या नावावर खपवायचं, हे मी केलंय. तू करू नकोस.

आत्या, ते मत तुझं होतं.

झुंबरचं गेलेलं मत बेगमभाबीचं नव्हे, तुझं. तू कपबशी सांगितलीस आणि मी तुझं बोट रविराजच्या पंख्यावर ठेवलं.

आता सगळं सांगतो. शाळेच्या खोलीत आपण गेलो. तुझ्या बोटाला शाई लावली. मतदार अंध आहे, सोबती हवा, म्हणून मी एका कागदावर सही केली. त्यावर लिहिलं होतं की मतदार सांगेल तसंच मत नोंदवीन आणि ते गुप्त ठेवीन. मग पुठ्ठ्याच्या आड गेलो. सदस्यांची मतं तू कुजबुजून सांगितलीस, ती मी तशीच दाबली. मग तू म्हणालीस, "सरपंचाचं मी दाबते. कपबशीवर बोट ठिव माझं." कपबशी दुसरी होती. तिच्या खाली पंखा. मी तुझं बोट धरलं आणि एक बटण खाली नेलं. तू विचारलंस, "ह्योच का रं?" मी म्हणालो, "व्हय." तू दाबलंस. यंत्र लांब वाजलं आणि तू हसलीस. बाहेर येऊन शाईचं बोट सगळ्यांना दाखवलंस, बेगमभाबीलाही.

 खोटं वाटेल तुला, पण मला त्या वेळी आपण काही वाईट करतोय असं वाटलंच नाही. लहान मूल दिव्याकडे हात नेतं तेव्हा आपण तो बाजूला करतो, तसं वाटलं.

कारण माझं डोकं आधीपासून तसं चालत होतं. प्लांटमध्ये जेवायला बसलो की आमचा हाच विषय. मी तर मोठ्यानं म्हणायचो की मत देण्याआधी परीक्षा घ्यायला पाहिजे. निदान दहावी पास पाहिजे. ज्याला योजनेचा कागद वाचता येत नाही त्यानं सरपंच का निवडावा? शिकलेल्याचं एक मत आणि अडाण्याचं एक मत, हा कुठला न्याय? सगळे माना डोलवायचे. असं बोलताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं माहीत आहे? कुणीच नव्हतं. तू तर नव्हतीसच. तू माझी आत्या होतीस, अडाणी लोक म्हणजे दुसरे कुणीतरी.

झुंबर आठवी शिकलेला, पिठाची गिरणी चालवणारा. रविराज इंजिनिअर, पुण्याची नोकरी सोडून आलेला, त्यानं पडद्यावर चित्रं दाखवून गावाचं सगळं मांडलेलं. मी मतदानाच्या सकाळी तुला विचारलं होतं, झुंबरलाच का? तू म्हणालीस, "झुंबर माझ्याशी बोलायच्या आदी सांगतो, आत्ती, मी झुंबर. आन् खाली बसतो. त्यो रविराज उभ्यानंच बोलाया लागतो, कोण बोलतंय तेच मला कळत न्हाय. ज्येला मी दिसत न्हाय त्येला मत कशाला दिऊ?" मी मनात म्हटलं, हे काय सरपंच निवडायचं कारण झालं? आणि तिथेच ठरवून टाकलं.

ते कारण होतं, आत्या. चांगलं कारण होतं. आणि चांगलं नसतं तरी ते तुझं होतं.

इंदापूरला मोजणी झाली त्या दिवशी गेणूचा फोन आला, झुंबर एका मतानं पडला. मी तिथल्या तिथे हिशोब केला. तुझं मत तिकडे असतं तर झुंबर एका मतानं आला असता. आणि आत्या, सगळं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो. पहिल्यांदा मला आनंद झाला. वाटलं, बघ, आपण गावाचं भलं केलं. संध्याकाळी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. तेव्हापासून तुझा फोन वाजला की मी त्याच्याकडे बघत बसतो. उचलला की तू एका शब्दात ओळखणार, मला माहीत होतं. तू पत्रातही ओळखलंसच.

रविराज वाईट निघाला असता तर कदाचित मी आधीच तुझ्याकडे येऊन रडलो असतो. तो चांगला निघाला. दिवे लागले, दाखले मिळाले, ओढ्याकडचा रस्ता झाला. प्रत्येक वेळी गेणूनं काही चांगलं सांगितलं की मी स्वतःला म्हणायचो, झालं ते बरंच झालं ना? मग कशाला उकरायचं? म्हणून तुला तो निघाला कामाचा, हे तरी बरं झालं, असं लिहिलं. ते वाक्य तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठीच होतं. रविराजनं उद्या गावात सोन्याचे नळ बसवले तरी ते बोट मी खाली ओढलेलं होतं.

खाजाभाईंचंही लपवलं. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी ते प्लांटच्या फाटकाशी आले होते. मला वाटलं जाब विचारायला आलेत. ते म्हणाले, "नागेश, भिगवण रोडला एखादा गाळा भाड्यानं मिळंल का? गावातलं दुकान बंद करावं म्हणतो." मी कारण विचारलं. "मन लागत न्हाय आता," एवढंच म्हणाले. चहा पाजला त्यांना. त्यांनी आपल्या वस्तीबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. जाताना म्हणाले, "सारजाक्काला सलाम सांग." मी तुला पत्र लिहिलं आणि तो सलाम त्यात लिहिला नाही. लिहिला असता तर खाजाभाई का आले होते, हे लिहावं लागलं असतं.

लोक दुकानावर जात नाहीत एवढंच मला कळलं होतं. भंडाऱ्याचं माहीत नव्हतं. तू तिचा हात झटकलास हेही नाही. तुझ्या पत्रातलं ते वाचलं आणि उठून बाहेर जाऊन बसलो. बिरोबासमोर तू खोटं बोललीस आणि तुला ते माहीतही नाही. मी तुला खोटं बोलायला लावलं. तुझ्या घरादारावर काही यायचं असेल तर ते माझ्यावर येऊ दे. सोनबा गाडीवर आहे, छकुलीचं लेकरू लहान आहे, तुझ्या मनात काय काय येईल ते मला कळतंय. शपथ तू मोडलेली नाहीस. मी मोडलीय.

बेगमभाबीनं मत कुणाला दिलं, मला ठाऊक नाही. कपबशीला दिलं असेल, पंख्यालाही दिलं असेल. ती म्हणाली तेच खरं, ते सांगायचं नसतं. पण एका मताचा हिशोब मागायचा असेल तर तो तिच्याकडे मागू नका. त्या कागदावर मी दोन गोष्टींसाठी सही केली होती. तू सांगशील तसं दाबीन, हे मोडलं. गुप्त ठेवीन, हे मात्र आजवर इमानानं पाळलं, आणि त्यात एका बाईचं घर उठायची वेळ आली.

तुझ्यासोबत पुन्हा त्या खोलीत मी येणार नाही. सुट्टीचं कारण खोटं होतं. तुझं बोट धरायला मला माझी लाज वाटते.

गावात हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. बघ, हेही मी तुझ्यावरच ढकलतोय. तू म्हणशील तर येतो, बिरोबासमोर उभा राहतो, झुंबरच्या, बेगमभाबीच्या, सगळ्यांच्या पाया पडतो. ये म्हणालीस तर येईन. येऊ नकोस म्हणालीस तर तेही ऐकेन. माफ कर असं लिहायला हात होत नाही.

ज्याच्या हातावर तू विश्वास टाकलास तो,
नागेश

*

वस्तीवरनं
मतदानाच्या दुसऱ्या दिवशी

नागेश,

आशीर्वाद हायच. त्यो काडून घेता येत न्हाय.

तुझा कागद छकुली वाचत हुती आन् मधीच थांबली. म्या म्हणलं, वाच. तिनं सगळा वाचला. एक शब्द गाळला न्हाय, म्हणजे ती तसं म्हणती, आन् मला तिच्या आवाजावरनं खरं वाटलं. मला काय, समदं दुसऱ्याच्या आवाजावरनंच खरं मानावं लागतं.

पुढं दोन दिस मी नळावर बी गेले न्हाय. तुझा राग आला हुता का म्हणशील तर लई आला. पर त्याच्यापरीस माझा जास्ती आला. तुझ्या हाताला हात दिला आन् बेगमच्या हाताला झटका दिला. एवढी वर्सं हातावरनं माणूस वळखत आले, आन् कुठं चुकले बघ.

मग मी उठले. छकुलीला म्हणलं, कागद घे. खाजाच्या दुकानाम्होरं जाऊन बसले. गेणूला म्हणलं, झुंबरला बोलीव, देवळात भंडारा उचलल्यालं समदं बोलीव. सगळी आली. छकुलीनं तुझा कागद पुन्हा पयल्यापासनं वाचला, मोठ्यानं. तू म्हणलास तू ठरव. म्या हे ठरवलं.

 मग शेजारी कुणीतरी खाली बसलं आन् म्हणलं, "आत्ती, मी झुंबर." म्हणला, "माझं मत मला मिळालं. आता ह्यो इषय बंद." आन् खाजाला म्हणला, "खाजाभाई, एक चहापत्तीचा पुडा द्या." त्याच्यामागनं आणि दोघातिघांनी काय काय घेतलं. सगळ्यांनी न्हाय. काही उठून गेली, ती अजून बोलत न्हायती. खाजा गाळा बघतोय का ऱ्हातोय ते सांगत न्हाय. समदी लगीच इसरतील असं तुला वाटत असंल तर तसं न्हाय.

बेगम त्या दिशी आतनं भाईर आली न्हाय. म्या दाराशी जाऊन म्हणलं, बेगम, मी सारजा. आदी नाव सांगितलं. मग काठी टेकत माघारी आले.

मग बिरोबाला गेले, पुन्हा भंडारा उचलला आन् सांगितलं, पयला उचलल्याला खोटा हुता, मला ठावं न्हवतं, माझ्या लेकराबाळांवर धरू नगंस. तुझं नाव म्या तितं घेतलं न्हाय. तुझं तू बघ.

चार-पाच दिसांनी सकाळच्याला नळावर माझ्या हातातली कळशी कुणीतरी धरली. हात बेगमचा हुता. म्या कळशी सोडली न्हाय. घरापातूर तसंच आलो. दाराशी आल्यावर ती म्हणली, "गुडघ्याला काय लावलंय?" म्या म्हणलं, तेल. "तेलानं काय हुतंय," म्हणली, आन् गेली.

काल मतदान झालं. आदल्या दिशी छकुलीकडनं सगळी नावं वरनं खालपातूर पाठ करून घेतली. सोबती म्हणून बेगमनं सही केली. पुठ्ठ्याच्या आड गेल्यावर म्या बोट पुढं केलं, तर ती म्हणली, "सारजाक्का, मी बोट धरत न्हाय. वरनं मोज." आन् मग म्या मोजलं. वाड्यात मेंढरं हातानं चाचपून मोजायची तसं. वरनं एक एक बटण मोजत खाली गेले, माझ्या बटणावर थांबले आन् दाबलं. वाजलं. ती म्हणली, म्या तोंड फिरवलं हुतं. म्या इस्वास ठिवला.

कुणाला दिलं ते तुला सांगायची न्हाय.

तू लिवलंस की सरपंच चांगला निघाला, वाईट निघाला असता तर, आसं न् तसं. आरं, रविराजचं काम बरं हाय, मी बी म्हणते. उद्या त्येलाच मत दिईन. पर माझी मी दिईन. डोळं गेल्यापासनं मला जेवाया वाढत्यात, लुगडं दुसरंच कुणी आणतंय, कुठं बसायचं ते बी दुसरंच सांगतंय. त्या पुठ्ठ्याच्या आड एक काम हुतं जे माझं मी करत हुते. गावातल्या इंजिनेराचं जेवढं, तेवढंच माझं. ते तू माझ्याच बोटानं माझ्याकडनं काडून घेतलंस. सरपंचाचं सोड, त्यो काय पाच वर्सांनी बदलतोय.

तू ये. न्हाय म्हणत न्हाय. पयल्यांदा बेगमच्या घरी जा, झुंबरकडं जा, मग माझ्याकडं. भाकरी खाऊन जा. पर दाराशी आलास की आदी नाव सांग, आत्या, मी नागेश, म्हण. आन् माझा हात धरू नगंस. उंबऱ्यापातूर माझी मी येईन.

खाली अंगठा हाय. छकुलीनं शाईची डबी पुढं ठिवली, कागद दाबून धरला. अंगठा माझा म्या उठवलाय.

सारजा